मुहूर्ताची गाठ

कळमेश्वरात कापसाच्या जिनिंगच्या मागच्या वस्तीत कुणालाही विचारा, कवडू डाखोळ्यांची मिनल काय करते, तर उत्तर एकच, "कंप्युटरमधी हाय ते." इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे ज्याची त्याची अक्कल. शेजारच्या जिजाबाईंना वाटतं ती मोबाईल दुरुस्त करते. त्यांचा फोन जरा रुसला की त्या तो पदरात गुंडाळून दारात हजर. "पाह्य वं मिनल, मेला बोलूनच नाई राहिला." मिनल ताटावरून उठते, आवाजाचं बटण वर करून देते, आणि जिजाबाई साऱ्या गल्लीत सांगत सुटतात की कवडूची पोर लय हुशार निघाली.

हुशार तर ती होतीच, पण तिचं काम जिजाबाईंना कळणं कठीण, आणि खोटं कशाला बोला, तिच्या साहेबांनाही ते अर्धंच कळत होतं. संगणकात सगळ्यांच्या खाली एक प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. वरचे प्रोग्राम नटूनथटून पडद्यावर मिरवतात, हा बिचारा पोटात राबतो. मिनल त्या पोटातलं काम करायची. शहरात, धरमपेठेत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर अश्विन सरांची छोटी कंपनी होती. कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसला जो डब्बा लागतो, पडदा, वजन, दाब, सगळं सांभाळणारा, तो तिथं बनायचा. मिनल रोज कळमेश्वरहून स्कूटीनं जायची, यायची. अंगानं बारकी, आवाज घोगरा, आणि एखादी गोष्ट पटली नाही तर समोर कुणी का असेना, तोंडावर "नाही" म्हणायची. या "नाही"पायी तिची दोन स्थळं मोडली, असं तिची आई अजून म्हणते.

आता गंमत अशी की कवडू ज्या जिनिंगमध्ये कामाला, ताराचंदशेठच्या, तिथल्या प्रेसवर डब्बा होता तो याच कंपनीचा. बाप प्रेसच्या तोंडाशी उभा आणि लेक त्याच प्रेसच्या पोटात. कवडूला याचा कोण अभिमान! नवा हमाल आला की तो हटकून डब्ब्याकडे बोट दाखवायचा. "हे माह्या पोरीच्या कंपनीचं हाय." पंचवीसेक वर्षं तो तिथं रुई सारखी करत होता. सरकीपासून वेगळी झालेली रुई पेटीत पडते, वरून लोखंडी दट्ट्या येतो, दाबतो, गाठ तयार. काठावर राहिलेली रुई आत लोटायला लाकडी दांडा दिलेला असतो. पण जुन्या माणसांना दांडा म्हणजे नसती कटकट वाटते. हातानं लोटलं की झालं! कवडूचा हातही असाच आपसूक जायचा, तुमचाआमचा मानेवरचा डास मारायला जातो तसा.

मागच्या हंगामात एका संध्याकाळी कवडू घरी आला तो गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक खिशात कोंबून. मिनलनं ते ओढून बाहेर काढलं. टोक फाटलेलं, काळं, ग्रीसनं माखलेलं.

"हे काय झालं, बाबा?"

"काई नाई. अटकला थोडासा."

"कशात अटकला?"

"दट्ट्यात. माहीच चुकी होती, वाकलो मी जास्त. मशीनले नाव ठेवू नको."

मिनलला ते पटलं नाही. कारण दुपट्टा अडकूच नये, अशी सोय त्या प्रेसला होती. तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन उभे खांब, त्यांना लाइट गार्ड म्हणतात. या खांबातून त्या खांबात न दिसणारे प्रकाशाचे किरण जातात. हात, दुपट्टा, काहीही मधे आलं की दट्ट्या जागच्या जागी थांबला पाहिजे. थांबला होता, पण उशिरा थांबला होता. दुपट्ट्याऐवजी बोटं असती तर?

दुसऱ्याच दिवशी तिनं त्या डब्ब्याचं आतलं लिखाण उघडलं. आधीचा प्रोग्रामर ते लिहून पुण्याला निघून गेला होता, आणि चालतंय म्हणून कुणी त्याला हात लावला नव्हता. तिथं तिला दिसलं ते असं. मशीनला जोडलेली प्रत्येक वस्तू, काटा असो, प्रिंटर असो, लाइट गार्ड असो, काही घडलं की कर्नलला हाक मारते. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की कर्नल हातचं टाकून धावतो. इथं धावला की तो त्या वस्तूचं अख्खं काम तिथंच उरकत बसायचा, आणि तोवर दुसऱ्या कुणाची हाक कानावर घ्यायचा नाही. काट्याचं वजन वाच, सरासरी काढ, लगेच प्रिंटरला दे. एरवी हे सारं पापणी लवायच्या आत व्हायचं. पण काटा आणि प्रिंटर एकामागे एक आले, की लाइट गार्ड "हात आला, हात आला" म्हणून ओरडत दाराबाहेर ताटकळायचा. दट्ट्या काही ताटकळत नाही. तो आपला खाली येतच असतो.

जेवताना तिनं बापाला समजावलं. "बाबा, आपल्या मार्तंड डॉक्टरचा दवाखाना हाय ना? समजा तिथं कंपाउंडरच नाही. डॉक्टर सोता दार उघडते, नाव लिहिते, आत नेते, तपासते, आणि तोवर दाराले कडी."

"मंग साप चावलेला बाहीरच मरन ना वं!"

"तेच तर होऊन राहिलं. मी आता दारात कंपाउंडर बसवते. त्यानं फक्त कोण आलं ते लिहायचं आणि मोकळं व्हायचं. तपासणी आतमधी. ज्याचा त्याचा डॉक्टर वेगळा. आणि साप चावलेला आला, तर खोकलेवाल्याले अर्ध्यातून उठवायचं."

कवडूनं भाकरीचा तुकडा मोडला, विचार केला. "खोकलेवाला बोंबलन."

"बोंबलू द्या. मरत नाही तो."

या आतल्या डॉक्टरांना तिच्या भाषेत थ्रेड म्हणतात. हाकेचं खरं काम थ्रेडच्या हवाली करायचं, प्रत्येक थ्रेडचा मान ठरवून द्यायचा, आणि लाइट गार्डच्या थ्रेडला सगळ्यात वरचा मान. अश्विन सरांना आधी हे मुळीच रुचलं नाही. "चालून राहिलं ना यार मिनल? चालत्या गाड्याले खीळ कायले घालतेस?" मिनलनं बॅगेतून दुपट्टा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. सर माणूस वाईट नव्हते, घाबरट होते. दुपट्ट्याकडे बघितलं आणि म्हणाले, कर बाई.

पुढचे कितीतरी महिने तिनं त्यात घातले. लाइट गार्डचे दोन खांब ऑफिसातच टेबलावर उभे केले, आणि मधून फूटपट्टी फिरवायची. पट्टी मधून गेली रे गेली की नकली दट्ट्या जागीच थांबायचा. काटा बोंबलो की प्रिंटर, लाइट गार्डची हाक आता ताटकळत नव्हती. शंभरदा फिरवली, शंभरदा थांबला. मिनल खूश, सर खूश. शेठनं नवा डब्बा लावायला होकार दिला. दसऱ्याला मुहूर्ताची गाठ निघायची होती, ती नव्या डब्ब्यावर काढायचं ठरलं.

मुहूर्ताची गाठ म्हणजे जिनिंगवाल्यांचा मोठा सोहळा. खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊनपुसून त्यांची पूजा होते आणि दसऱ्याला हंगामातली पहिली गाठ दाबतात. ती बाहेर पडेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. गाठ चांगली निघाली की हंगाम चांगला, अशी पक्की समजूत. प्रेसच्या पूजेचा मान कवडूचा. त्या दिवशी त्यानं पांढरी टोपी घातली, दट्ट्याला हळदीकुंकू वाहिलं, आणि मग त्याची नजर गेली त्या दोन खांबांवर. दोन्हीकडे दोन खांब, मधे वाट. कुणाही देवभोळ्या माणसाला दाराची चौकटच वाटेल. दसऱ्याला दाराला तोरण नको? कवडूनं झेंडूचा हार एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत छान बांधला. मिनलनंही ते पाहिलं. हार किरणांच्या वर होता, मधे येत नव्हता. किती साजरा दिसतो, असंच तिला वाटलं.

नारळ फुटला, दट्ट्याला दाब देणारा पंप सुरू झाला, दट्ट्या खाली यायला लागला. त्या हादऱ्यानं हाराची एक गाठ सुटली, आणि हार लोंबकळत मधोमध उतरला, थेट किरणांत. दट्ट्या थांबायला हवा होता. नाही थांबला. पडद्यावरचे आकडे जिथल्या तिथे गोठले. दट्ट्या येतोय, दाबतोय, दाबतोय, पंप किंचाळायला लागला, रुईची पेटी करकरली. पेढे हातात घेतलेली माणसं मागं सरली. कवडूनं झेप घेऊन लाल बटणावर थाप मारली. लाल बटणाची तार थेट पंपाला जाते, ती कुणाच्या प्रोग्रामची परवानगी मागत नाही, म्हणून निभावलं. पेटीची एक बाजू मात्र वाकली.

"कवडू, हे क्या हुआ भई?" ताराचंदशेठचा चेहरा पांढराफटक. "मुहूर्तालेच?"

कुणीतरी मागून "अपशकुन" म्हणालंच. अशा वेळी हा शब्द उच्चारायला कुणी ना कुणी टपलेलाच असतो.

घरी जाताना कवडू स्कूटीवर मागे बसला होता. सगळ्या वाटेत एवढंच बोलला, "माहाच हार आडवा आला वं. दाराले बांधते तसा बांधला. मले काय अक्कल!"

अश्विन सरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चक्क हलका झालेला होता. "अगं, आपला दोषच नाही. त्यांच्या माणसानं गार्डसमोर हार बांधला. तसंच सांगू शेठले. त्यात खोटं काय हाय?"

खोटं काही नव्हतं, ते खरंच होतं. पण त्यांचा माणूस म्हणजे तिचा बाप.

ती ऑफिसला गेली ती कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडून झेंडूचा उरलासुरला कोमेजलेला हार घेऊन. खांबांच्या मधे टांगला. डब्बा गोठला. "बघ," सर म्हणाले, "हारच!" मिनल मात्र तशीच बघत बसली. मग तिनं आपलंच लिखाण पुन्हा वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता तिचे कान तापले.

चूक तिची होती, आणि ती एका शब्दाची होती. दारातल्या कंपाउंडरनं नाव लिहून घेतलं, की आतली तपासणी होईपर्यंत त्या रोग्याची हाक, म्हणजे दारावरची घंटा, बंद ठेवायची असते. हे तिनं सांगायचंच राहून गेलं होतं. फूटपट्टी मधून निघून जायची, त्यामुळे घंटा आपोआप थांबायची. हार मात्र तिथंच लोंबत राहिला, जणू घंटेवर बोट दाबूनच धरलेलं. कंपाउंडर नाव लिहून वळतो न वळतो तोच घंटा, पुन्हा नाव, पुन्हा घंटा. आतल्या डॉक्टरला बिचाऱ्याला उठायला वेळच मिळेना. दट्ट्याला थांब म्हणणार कोण?

"सर, हार नसता तर हात असता," ती म्हणाली. "अडकलेला हात पट्टीसारखा लगेच बाहेर येत नाही. तो तिथंच राहते. मशीननं तेव्हाही हेच केलं असतं."

सरांनी तो हार खांबांवरून सोडवला. "मग शेठले काय सांगू?"

"मी सांगते. चूक माही हाय, हाराची नाही."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारी माणसं पायलीला पन्नास मिळतात. त्यांच्यात ही एक वेगळीच निघाली, आणि तिची मला दयाही येते. बाईमाणूस, लहान गावातली, पहिल्यांदा एवढं मोठं काम हातात आलेलं, आणि शेठसमोर उभं राहून सांगायचं की माझं चुकलं. शेठनं सारं ऐकलं. वाकलेल्या पेटीकडे बघितलं. म्हणाले, "लाभपंचमीले पुन्हा मुहूर्त करू. येक मौका. नाई जमलं तर जुना डब्बा परत."

आणि जुना डब्बा परत आला, तर हंगामभर प्रेसच्या तोंडाशी कवडूच उभा राहणार होता. मिनलला दिवाळी गोड लागली नाही. फराळाचं ताट समोर, आणि ही बापाच्या बोटांकडे बघत बसलेली.

डब्ब्यात तो राहिलेला शब्द आता घातला होता, पेटीही सरळ करून घेतली होती. लाभपंचमीला तिनं स्वतः हार टांगला, मुद्दाम किरणांत. दट्ट्या जागचा हलला नाही, पडदा चालू, आकडे चालू. हार काढला, तेव्हा कुठं हलला. मग दट्ट्या खाली येत असताना तिनं तुरीची वाळकी लांब तुराटी आत घातली आणि तशीच धरून ठेवली. दट्ट्या थांबला. पुन्हा घातली, पुन्हा थांबला. काटा वजन घेत असताना घातली, प्रिंटर छापत असताना घातली. हमाल मान डोलवायला लागले. मिनलला पहिल्यांदा श्वास घ्यावासा वाटला.

तेवढ्यात ताराचंदशेठ पुढे आले. "तुराटीनं थांबली, ठीक हाय. तुराटीले काय दुखते? हात घालून दाखव."

"नाही," मिनल म्हणाली.



"काहून? तुह्याच मशीनवर तुहाच भरोसा नाई?"

"भरोसा आहे शेठजी. पण हे चुकून गेलेल्या हातासाठी हाय, मुद्दाम घातलेल्या हातासाठी नाही. तसा कोणीच घालायचा नाही."

कवडूला ते सहन होईना. चार लोकांत आपल्या पोरीची अशी नाचक्की! त्यानं बाही वर सारली. "मी घालतो शेठ. माह्या पोरीनं बनवली हाय."

"बाबा, मागं व्हा!" मिनल ओरडली, ती अशी की पत्र्याच्या छपराखाली घुमलं. "व्हा म्हटलं ना मागं! काही समजते का तुम्हाले?"

आजवर ती बापावर कधी ओरडली नव्हती. आणि आज ओरडली ती साऱ्या जिनिंगसमोर. कवडूनं बाही खाली केली. मान खाली घातली.

शेठनं हात जोडले. "पोरी, जिनं बनवली तेच हात घालत नाई, तिथं मी माह्या मानसाले कसा उभा करू? येवढी गाठ निघू दे. उद्या जुना डब्बा लावा."

आता शेठचं तरी काय चुकलं? त्यांच्या जागी तुम्ही-आम्ही हेच म्हणालो असतो. मिनल खांबाला टेकून उभी राहिली. सगळं हातचं गेलं, एवढंच तिला कळत होतं.

पंप सुरू झाला. कवडू आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. दांडा बाजूला टेकवलेला. त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तो खालीच बघत होता. चाचणीच्या गाठीचं लेबल छापून निघत होतं, काटा वजन घेत होता. दट्ट्या खाली येत होता. पेटीच्या काठावर रुईचा एक बोळा राहिला होता.

कवडूचा हात गेला.

कुणी हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. मिनलनं फक्त पाहिलं. हात काठावर होता, रुईवर. त्याच्या वर वीतभर अंतरावर दट्ट्या. थांबलेला. पंप आपला घरघरत होता, प्रिंटर लेबल छापत होता, आणि दट्ट्या तसूभरही हलत नव्हता, कारण हात अजून तिथंच होता. कवडू त्या हाताकडे असा बघत होता, जणू हा कुणा दुसऱ्याचाच आहे.

"कवडू, हात काढ रे बापा," शेठ म्हणाले, आणि रुईच्या ढिगावर मटकन बसले. जुन्या डब्ब्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मिनल धावली. तिनं बापाचा हात दोन्ही हातांनी धरला आणि बाहेर ओढला.

"मी मुद्दाम नाई घातला वं मिनू," कवडू लहान पोरासारखा सांगायला लागला. "तुही शप्पथ. मले मालूमच नाई, केव्हा गेला."

तो हात छातीशी धरून ती रडली. साऱ्या जिनिंगसमोर, हुंदके देऊन, कशाचीही लाज न धरता रडली. हमालांनी माना वळवल्या. कवडू गोंधळला. दुसऱ्या हातानं तिची पाठ थोपटत राहिला आणि मग काय सुचलं कोण जाणे, धरलेल्या हाताची बोटं त्यानं तिच्या डोळ्यांसमोर फाकवून धरली.

"रडू नको वं. पाची हायेत, पाह्य. मोजून पाह्य."

तिनं खरोखरच मोजली.